जितकी माणसं, तितके खट्

श्रीधरकाका,

पाठीवरचा डाग आता पिवळा पडलाय. डाव्या खांद्याच्या खाली, तळहाताएवढा. पहिले चार दिवस काळानिळा होता, मग हिरवट झाला, आणि परवा माझ्या लेकीने, सईने आरसा धरून दाखवला तेव्हा कडा विरायला लागल्या होत्या. डॉक्टर म्हणाल्या, आणखी आठवड्यात नाहीसा होईल, काळजी करू नका. मला तो जाण्याचीच काळजी वाटते, हे त्यांना काय सांगणार? तुमच्या अंगाने माझ्या सीटला मागून जो धक्का दिला, त्याची ती खूण आहे. तुमचं असं माझ्याकडे आता तेवढंच राहिलंय.

तुमचा आत्म्याबित्म्यावर विश्वास नव्हता, तेव्हा हे तुमच्यापर्यंत पोचेल असं मी मानत नाही. तरी लिहिते, कारण मी तुमच्यावर भयंकर चिडले आहे, आणि ज्याच्यावर चिडलो त्याच्याशीच बोलायचं ही सवय तुम्हीच लावलीत. एकोणीस वर्षं आपण भांडलो. एकदाही तुम्ही मला फसवलं नव्हतं.

मी अमेरिकेत, ॲन आर्बरला आले तेव्हा माझ्याकडे अमरावतीची फिजिक्सची पदवी होती, नोकरी करू न देणारा डिपेंडंट व्हिसा होता आणि दिवसभर बघायला एक खिडकी होती. पहिला हिवाळा मी समोरच्या थांब्यावर येणाऱ्या-जाणाऱ्या बस मोजण्यात काढला. कुंदाकाकूंनी मला एका हळदीकुंकवात हेरलं आणि शनिवारी जेवायला बोलावलं. खाली बेसमेंटमध्ये तुमचा वर्ग भरला होता. मराठी घरांतली दहा-बारा पोरं, एक व्हाइटबोर्ड, आणि तुम्ही. अपघातात गाडीतली माणसं कशी वाचतील, याच कामात तुमचा जन्म गेला होता, आणि निवृत्त झाल्यावर त्याच गोष्टी तुम्ही पोरांना गतीचे नियम म्हणून शिकवत होतात. घाईघाईत तुम्ही चालणाऱ्या माणसाच्या पायावर घर्षणाचा बाण काढलात, तो मागच्या दिशेने. मी हातात ताट घेऊन जिन्यावर उभी होते. बाण पुढे हवा, असं माझ्या तोंडून निघून गेलं. पाय जमिनीला मागे ढकलतो, जमीन पायाला पुढे ढकलते. तुम्ही चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलंत, मग बोर्डाकडे, आणि मार्कर माझ्यापुढे धरलात. "ताट ठेव आणि इकडे ये," म्हणालात.

चुकलेला बाण मात्र तुम्ही मला पुसू दिला नाहीत. तुमचा दंडकच होता तसा. चुकलेलं पुसायचं नाही, त्याच्या शेजारी बरोबर करून दाखवायचं, म्हणजे नेमकं कुठे घसरलो ते सगळ्यांना दिसतं. मग तो चुकलेला बाण तुमचा असो की एखाद्या सातवीतल्या पोराचा. त्या दिवशी वर्ग संपेपर्यंत बोर्डावर आपले दोघांचे बाण शेजारी शेजारी होते, आणि जेवताना तुम्ही काकूंना सांगितलंत की या मुलीला आता सोडायचं नाही.

सोडलं नाहीतच. व्हिसाचं निस्तरल्यावर शिक्षिकेच्या परवान्याचे फॉर्म तुम्ही माझ्याबरोबर बसून भरलेत. पहिल्या मुलाखतीच्या आधी मला काकूंची शाल देऊन पाठवलंत, कारण माझा कोट तुम्हाला गबाळा वाटला. आज इथल्या हायस्कुलात मी फिजिक्स शिकवते, ते तुमच्यामुळे. हे मी तुम्हाला कधी नीट सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तुम्ही विषय बदलला असता.

आणि गाडी चालवायला शिकवलीत तीही तुम्हीच. तिथेच तर सगळं आहे. पहिल्या दिवशी मी बेल्ट लावला, आरसे जुळवले, आणि मागे बसलेल्या काकूंनी बेल्ट लावलाय का ते बघायला मान वळवली. तुम्ही ओरडलात. ड्रायव्हरने मान वळवायची नाही. ड्रायव्हरने कान द्यायचा. जितकी माणसं, तितके खट्. चार माणसं गाडीत असतील तर चार खट् ऐकू आले पाहिजेत, तीन आले तर गाडी जागची हलणार नाही. गाडी भरून नाटकाला निघालेल्या बायका, डायपर घातलेली सई, अमरावतीहून आलेले माझे सासरे, सगळ्यांसमोर मी किल्ली फिरवण्याआधी मोजत बसायची. सासऱ्यांना तो अपमान वाटला होता. मागे बसणाऱ्याला कशाला हवा बेल्ट, असं ते म्हणाले. तुम्ही त्यांना शेजारी बसवून घेऊन शांतपणे सांगितलंत की मागच्याने बेल्ट लावला नाही तर तो एकटा मरत नाही, तो पुढच्याच्या पाठीवर येऊन आदळतो.

हे तुमचं वाक्य आहे, काका. माझ्या पाठीवर आहे ते.

वर्गातला तुमचा अंड्यांचा प्रयोग या गावातली कितीतरी पोरं आयुष्यभर विसरणार नाहीत. लाकडी उताराच्या टोकाला वीट, वरून सोडलेला खेळण्यातला ट्रक. त्यात दोन अंडी, एक रबर बँडने बांधलेलं, एक मोकळं. ट्रक विटेला धडकून थांबायचा, बांधलेलं अंडं त्याच्याबरोबर थांबायचं, आणि मोकळं अंडं थेट भिंतीवर. पोरं टाळ्या वाजवायची. तुम्ही भिंतीकडे बोट दाखवून दर वर्षी तेच म्हणायचात, "गाडी थांबते. तुम्ही थांबत नाही. याला जडत्व म्हणतात." मग उरलेल्या अंड्यांची भुर्जी व्हायची, तीही गॅरेजमध्ये, कॅम्पिंगच्या शेगडीवर, कारण काकूंच्या स्वयंपाकघरात अंड्याला प्रवेश नव्हता. तवासुद्धा तुम्ही गॅरेजमध्ये खिळ्याला टांगून ठेवला होता.

आपलं सगळ्यात मोठं भांडण तिसऱ्या नियमावरून. एकदा पोरांना पटकन समजावं म्हणून मी म्हटलं, क्रिया आणि प्रतिक्रिया म्हणजे आपल्या कर्मासारखं असतं, आपण जे जगाला देतो ते आपल्याकडे परत येतं. तुम्ही मागच्या खुर्चीवरून ताडकन उठलात. पोरांसमोर मला काही बोलला नाहीत, पण वर्ग सुटल्यावर जो तास घेतलात तो मी विसरणार नाही. तिसऱ्या नियमात आधी आणि नंतर असं काही नसतं, म्हणालात. कुणी आधी मारत नाही आणि कुणी मग परत करत नाही. दोघं एकमेकांवर एकाच क्षणी, सारखाच जोर लावतात. त्यात कोण दोषी हा प्रश्नच येत नाही. मी म्हटलं, पण माणसाला हाच प्रश्न पडतो. माणसाला काहीही पडू दे, नियमाला पडत नाही, असं म्हणून तुम्ही तवा घासायला गेलात. ते भांडण पुढे दर वर्षी निघायचं आणि कधी मिटलं नाही. मी तो मुद्दा सोडला नव्हता. अजूनही सोडलेला नाही.

आता तुळशीकडे येते. येणं भाग आहे.

दर वर्षी तुळशीचं लग्न लागलं की तुम्ही दोघं दोन महिने नागपूरला जायचात आणि काकूंची तुळस माझ्याकडे यायची. काकू त्याला पाठवणी म्हणायच्या. नोव्हेंबरमधली आपली थंडी, ट्रंकमध्ये, म्हणजे डिकीत ठेवली तर दहा मिनिटांत पानं काळी पडतील, म्हणून तुळस हीटर लावलेल्या गाडीत, काकूंच्या मांडीवर बसून यायची. ते तुम्हाला मुळीच चालायचं नाही. मातीची कुंडी, ओली माती, सगळं मिळून सात किलो. साध्या तीस मैलांच्या वेगाने जाणारी गाडी धडकून थांबली तर ती सात किलोची कुंडी क्विंटलभराची होते, ती कुठल्या बाईच्या हातांनी धरवते, सांग, असं म्हणायचात. काकू म्हणायच्या, लेकीला कुणी खोक्यात घालून सासरी पाठवतं का? मग तुम्ही महिनाभर गॅरेजमध्ये ठोकाठोक केलीत आणि तुळशीसाठी कारसीट बनवली. प्लायवुडची पेटी, आतून फोम, आणि बाजूला दोन खाचा, ज्यांतून गाडीचा बेल्ट आरपार जाईल. पहिल्यांदा ती पेटी बघून मी पोट धरधरून हसले. काकू हसल्या नाहीत. तुळशीला पेटीत बसवताना त्यांनी फोमवर एक खण अंथरला आणि तुमच्याकडे पाहून मान हलवली. त्यानंतर दर वर्षी काकू माझ्या मागे आणि पेटी त्यांच्या शेजारी, दोघींना बेल्ट. तुम्ही फुटपाथवर उभे राहून खट् मोजायचात. दोन बायका, एक तुळस, तीन खट्.

मार्चमध्ये काकू गेल्या. या नोव्हेंबरमध्ये तुम्ही एकटेच नागपूरला निघाला होतात, आणि शनिवारी सकाळी तुळस घ्यायला मी तुमच्याकडे आले.

दिवाणखान्यात पाऊल टाकलं आणि तळव्याला काहीतरी टोचलं. कार्पेटवर अक्षता पडल्या होत्या. कोपऱ्यात उसाचं एक कांडं टेकवून ठेवलं होतं आणि तुळशीच्या कुंडीला बाहेरून हळदीची बोटं होती. तुम्ही, ज्यांनी स्वतःच्या मुलाच्या, निखिलच्या मुंजीतसुद्धा भटजींशी वाद घातला, त्या तुम्ही एकट्याने तुळशीचं लग्न लावलं होतंत. आणि मी हसले, काका. वाईट हसू नव्हतं ते, पण हसले. "लग्न लावलंत की काय?" असं विचारलं. तुमचे कान लाल झाले. व्हॅक्यूम करायचं राहिलंय, असं काहीतरी पुटपुटलात आणि कुंडी उचलून बाहेर निघालात. गाडीत मी ठेवते म्हटलं तर नको म्हणालात.

मी बाहेर येऊन काचेवर गोठलेला बर्फाचा पापुद्रा खरवडत होते. तेवढ्या वेळात तुम्ही मागे बसलात. पेटी उजवीकडे, तुम्ही माझ्या सीटच्या मागे, काकूंच्या जागी. पेटीवर काकूंची जुनी शाल पांघरलेली मला उजव्या खिडकीतून दिसली, तुळस तिच्याखाली आहे असंच मी धरलं, आणि तुमच्या बाजूची काच अजून गोठलेलीच होती. मी आत बसले, माझा बेल्ट लावला. पेटीला बेल्ट होताच. आणि मग मागून खट् असा आवाज आला. तीन पुरे झाले. तरी मी सवयीने विचारलं, "लावलात ना?"

"आवाज ऐकलास ना?" तुम्ही म्हणालात.

हे तुमचे शेवटचे शब्द नव्हते. पुढे सहा-सात मिनिटं आपण निखिलच्या फ्रीमाँटमधल्या नव्या घराबद्दल बोललो, मग नागपूरच्या थंडीबद्दल. पण माझ्या कानात तेवढेच राहिलेत. पुढच्या चौकात एका पिकअप ट्रकने आपल्यासमोर डावीकडे वळण घेतलं. मी ब्रेक दाबला. तो पुरला नाही. माझा बेल्ट छातीत रुतला, एअरबॅग तोंडावर आली, आणि त्याच क्षणी सीटच्या पाठीतून एक जबरदस्त धक्का माझ्या पाठीत बसला. आधी मला वाटलं, मागून दुसरी गाडी आदळली.

ते तुम्ही होतात.

पेटी जागची हलली नव्हती. बेल्ट दोन्ही खाचांतून आरपार, तुम्ही बनवलीत तशीच घट्ट, शाल वर नीट पांघरलेली. पेटी रिकामी होती. कुंडी तुमच्या मांडीवर होती. ती तुमच्या आणि माझ्या सीटच्या मध्ये फुटली, माती सगळ्या गाडीत उडाली, खोड बुडातून मोडलं. आणि तुमचा बेल्ट लागलेला होता, काका. तुमच्या पाठीमागे लागलेला होता. टोक खाचेत बरोबर बसलं होतं, पट्टा सीटवर सपाट पडला होता, आणि त्याच्यापुढे तुम्ही मोकळे बसला होतात. पोलिसाने मला तो दाखवला. दाखवायची गरज नव्हती. गाडीने टीं टीं करू नये म्हणून लोक बेल्ट पाठीमागे लावून त्याच्यावर बसतात, हे मला तुम्हीच सांगितलं होतं. इतक्या तिरस्काराने कुणाबद्दल बोलताना मी तुम्हाला दुसऱ्यांदा ऐकलं नाही.

दोन दिवस तुम्ही हॉस्पिटलमध्ये होतात. डोळे उघडले नाहीत. मी शेजारी बसून होते आणि मला रडूच येईना, इतका राग आला होता. माझा कान तुम्ही तयार केलात. त्या कानावर विसंबून मी गाडी काढते, हे तुम्हाला माहीत होतं. म्हणून त्या कानाला हवं ते तुम्ही ऐकवलंत. तुम्ही विसरला असतात तर मी तुम्हाला केव्हाच माफ केलं असतं. म्हातारा माणूस, बायको गेलेली, विसरला बिचारा. पण तो खट् तुम्ही माझ्यासाठी वाजवलात. विचार करून, हात मागे नेऊन.

आणि का, ते मला कळतं. तिथेच जास्त लागतं. मी अक्षता बघून हसले होते. मांडीवर तुळस घेऊन बसलेले श्रीधरकाका मी पाहिले असते तर आणखी हसले असते. पुढची दहा वर्षं तुम्हाला त्यावरून चिडवलं असतं, वर्गात पोरांना सांगितलं असतं. खरं आहे सगळं. पण हसून झाल्यावर मी काय केलं असतं, याचा तुम्ही विचारच केला नाहीत? बेल्ट कुंडीच्या खालून घेतला असता. खांद्याचा पट्टा फांद्यांना घासला असता, दोन पानं गेली असती, तर जाऊ दिली असती. ताशी वीस मैलांनी चार गल्ल्यांतून घरी नेलं असतं तुम्हाला. तुम्ही तोंडाने नुसतं म्हणायचं होतंत, मंजू, आज हिला हातात धरावीशी वाटतेय. एकोणीस वर्षांत मी एवढंही कमावलं नव्हतं का?

तुम्ही गेलात त्याच दिवशी इथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी लिहिलं की काकांनी शेवटपर्यंत काकूंची तुळस छातीशी धरली होती. दुसऱ्या दिवशी त्यात भर पडली की तुळशीचं एक पानसुद्धा मोडलं नाही. मग कविता आल्या. हात जोडलेली चित्रं आली. मी माझ्या हाताने ती माती कार्पेटमधून काढत होते आणि फोनवर लोक मला विचारत होते की तुळस आता कुणाकडे आहे, दर्शनाला यायचंय. तुम्ही हे वाचलं असतंत तर ग्रुप सोडून गेला असतात.

श्रद्धांजलीची सभा तेराव्यानंतरच्या रविवारी ठेवली. बोलायला मला सांगितलं, कारण गाडीत मी होते. आदल्या दिवशी निखिल माझ्याकडे चहाला आला. कप हातात फिरवत म्हणाला, "मंजूताई, उद्या बेल्टचं नको ना बोलूस. प्लीज. सेफ्टीवाला माणूस, आणि स्वतःच… लोक हसतील यार. आई-बाबांची ही स्टोरी छान आहे, ती राहू दे ना."

मी त्याच्यापुढे बिस्किटांची बशी सरकवली. तो त्याला होकार वाटला असावा.

काका, मी खरंच गप्प बसायचं ठरवलं होतं. भाषणात अंडी होती, भुर्जी होती, गबाळा कोट होता. मी उभी राहिले तर पुढच्या दोन रांगांत आपली पोरं बसली होती. काही आता मिशीवाली झालीत, दोघी पोरी थेट कॉलेजमधून आल्या होत्या, आणि यंदाचा सातवीतला घोळका होता. त्यांच्यातल्या एकीने हात वर केला, सभेत, वर्गात करतात तसा. इंग्रजीत विचारलं की काकांनी तुळस धरून ठेवली ते कसं काय, सात किलोची तर क्विंटलभर होते ना?

तुम्ही जिंकलात तिथे. वर्गात तुम्ही पोरांकडून करून घेतलेलं तुमचंच गणित. आता त्या पोरीला मी काय सांगू, प्रेम असलं की वस्तुमान कमी होतं?

मी भाषण बाजूला ठेवलं आणि सांगितलं. कुणालाच धरून ठेवता येत नाही, काकांनाही आलं नाही. तुळस मोडली. पेटीला बेल्ट होता, पेटी रिकामी होती. काकांचा बेल्ट त्यांच्या अंगावर नव्हता, तो पाठीमागे होता. गाडी थांबली, ते थांबले नाहीत. माझ्या सीटने त्यांना थांबवलं. हे मी तुम्हाला सांगते आहे, कारण चुकलेलं पुसायचं नाही असं काकांनीच आपल्याला शिकवलंय.

निखिल उठून बाहेर पार्किंगमध्ये गेला. सुमनमावशी, ज्या काकूंच्या शेजारी बसून दर वर्षी लग्नाच्या मंगलाष्टका म्हणायच्या, त्यांनी नंतर मला चहाच्या टेबलापाशी गाठलं. "हे बोलायची ही वेळ होती का गं? काय मिळालं तुला?" मला काय मिळालं, ते मला अजून ठाऊक नाही. त्या सातवीतल्या पोरीने वहीत काहीतरी लिहून घेतलं, एवढं मी पाहिलं.

एक गोष्ट मात्र मी त्या सभेत सांगितली नाही. बेल्ट पाठीमागे होता हे सांगितलं, पण खट् वाजवून तुम्ही मला फसवलंत, आणि मी विचारलं तेव्हा काय म्हणालात, ते सांगितलं नाही. ते आपल्या दोघांतलं आहे, असं मला वाटलं. तुमच्यासाठी माझ्याकडे शिल्लक असलेली माया तेवढीच होती त्या दिवशी.

आणि आता तिसरा नियम. तुम्ही माझ्या सीटवर जितक्या जोराने आदळलात, तितक्याच जोराने माझी सीट तुमच्यावर आदळली. त्याच क्षणी. आधी कुणी नाही, नंतर कुणी नाही. माझ्या पाठीला पिवळा डाग पडला आणि तुम्ही गेलात. दोन्ही बलं सारखी होती, हे मी दर वर्षी शिकवते, आणि दर वर्षी कुणीतरी पोर विचारतं, मग एकाला जास्त का लागतं? मी उत्तर देते. उत्तर सोपं आहे. पण तुम्ही म्हणत होतात त्यात कोण दोषी हा प्रश्न येत नाही, ते मला अजूनही पटत नाही. मी हसले. तुम्ही फसवलंत. यातलं आधी काय आणि मग काय, ते मला लख्ख दिसतं, आणि तरी रोज सकाळी पाठ दुखली की मी तुमच्या बाजूनेच भांडत असते. मी ब्रेक अर्धा सेकंद आधी दाबायला हवा होता. मी मान वळवायला हवी होती. एकदाच, तुमचा नियम मोडून.

तुमच्या घरातून मी फक्त गॅरेजमधला तवा आणला. निखिलने विचारलं नाही का ते.

आज सकाळी त्याला विमानतळावर सोडायचं होतं. सभेनंतर तो माझ्याशी धड बोलला नव्हता, पण आधीच ठरलेलं होतं म्हणून आला. गाडी भाड्याची, माझी अजून दुरुस्तीत आहे. सई पुढे बसली. निखिल बॅग ट्रंकमध्ये टाकून माझ्या सीटच्या मागे बसला, तुम्ही बसला होतात तिथे, आणि फोन काढला. माझा खट्. सईचा खट्. मग त्याचा. तीन माणसं, तीन आवाज. मी किल्लीला हात लावला आणि तो तसाच राहिला. मी माझा बेल्ट सोडला, खाली उतरले, मागचं दार उघडलं. सई पुढून म्हणाली, "आई, व्हॉट आर यू डूइंग?"

निखिलने वर पाहिलं. "लावलाय, ताई. आवाज आला ना?"

"तुझ्या बाबांचाही आला होता," मी म्हटलं.

तो खट् कसा वाजला होता, ते सगळं त्याच्या चेहऱ्यावर येताना मला दिसलं. मग त्याने फोन सीटवर ठेवला आणि लहान मुलासारखे दोन्ही हात वर केले, आणि मी त्याच्या छातीवरचा बेल्ट हाताने ओढून पाहिला.